मुक्त विद्यापीठ, मोबाईल आणि गृहपाठ तपासणारा माणूस

"मुक्तमधून केलेली डिग्री चालते का हो?" महाराष्ट्रात हा प्रश्न गेली पस्तीसएक वर्षं विचारला जातोय. विचारणारा बहुधा नोकरीत अडकलेला असतो, नाहीतर लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई असते, नाहीतर बारावीला गाडी अडलेला एखादा मुलगा. उत्तर सरळ आहे, ते आधी देऊन टाकतो. चालते. विद्यापीठाला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची मान्यता असेल, तर दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी कॉलेजात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीत तसं स्पष्ट म्हटलंय. अशी पदवी घेऊन यूपीएससी, एमपीएससीला बसता येतं आणि दर वर्षी मुलं बसतातही.

अलीकडे मात्र या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक आलाय. कोरोनात सगळी शाळा-कॉलेजं मोबाईलवर आली. आता नियमित कॉलेजात नाव घातलेला मुलगाही परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवरच शिकतो. मग 'दूरस्थ' म्हणून वेगळं काय उरलं? आणि सगळंच फोनवर मिळणार असेल, तर फी कशाची भरायची?

त्यासाठी ही यंत्रणा आतून कशी चालते ते बघायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. धडा विद्यार्थ्यापर्यंत पोचवणं दर पिढीत स्वस्त होत गेलं: पोस्ट, रेडिओ, टीव्ही, सीडी, इंटरनेट. पण विद्यार्थ्याने लिहिलेलं वाचून "इथे चुकलास, हे असं बघ" म्हणणारा माणूस काही स्वस्त झाला नाही. दूरस्थ शिक्षण कुठे जमलं आणि कुठे फसलं, हे मुख्यतः या एका गोष्टीवरून कळतं.

दोन पूर्वज

या शिक्षणाचे दोन पूर्वज आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला आयझॅक पिटमन. शॉर्टहँड-टायपिंगच्या क्लासमुळे हे नाव आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होतं. १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवायची सोय झाली आणि पिटमनने आपली लघुलिपी टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थी बायबलमधला उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचे, तो तपासून, चुका दुरुस्त करून परत जायचा. लिपीचे नियम एका तक्त्यावर मावत होते, त्यांचं अप्रूप नव्हतं. विद्यार्थ्याला खरं मिळत होतं ते दुरुस्त होऊन आलेलं आपलंच अक्षर. पदवी वगैरे काही नाही, नुसतं शिकणं.

दुसरा पूर्वज लंडन विद्यापीठ. १८५८ पासून त्यांनी आपल्या पदवी परीक्षा कुणालाही खुल्या केल्या. कुठेही शिका, कसंही शिका, येऊन परीक्षा द्या. शिकवण्याची जबाबदारी विद्यापीठाने घेतलीच नाही. म्हणजे पिटमनकडे शिकणं होतं पण पदवी नव्हती आणि लंडनकडे पदवी होती पण शिकवणं नव्हतं.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ उभं राहिलं तेही लंडनच्याच धर्तीवर. शिकवायची ती कॉलेजं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या. त्यामुळे परीक्षा म्हणजेच शिक्षण ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली. दहावी-बारावीचा 'सतरा नंबरचा फॉर्म' आठवा. शाळेत न जाता खाजगीरीत्या बोर्डाला बसायचं असेल तर तो भरायचा. विषय निवडा, गाईड आणा, मार्चमध्ये पेपर द्या. मधल्या काळात तुम्ही काय शिकलात, कुठे अडलात, हे विचारायला कुणी येत नाही. बहिस्थ विद्यार्थ्याचं आयुष्य ते हेच.

१९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, पुढे इतर विद्यापीठांनीही केले, मुंबईने १९७१ मध्ये. टपालाने छापील नोट्स यायच्या, कधी परीक्षेआधी तर कधी परीक्षा झाल्यावर. नाव पत्रद्वारा असलं तरी पत्रं एकाच दिशेने जायची. वळण लंडनचंच राहिलं. अनेक विद्यापीठांना हा विभाग म्हणजे वर्ग, बाकं, प्राध्यापक यांच्या खर्चाशिवाय फी जमवणारं खातं वाटत आलंय, असं माझं मत आहे. ते कठोर वाटेल, पण अशा विभागात शिकलेल्या कुणालाही विचारून बघा.

दोन्ही पूर्वजांचा सांधा नीट जुळवला तो ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने. १९६९ मध्ये तिला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिली तुकडी शिकू लागली. प्रवेशाला कसलीही पूर्वअट नव्हती. बीबीसीवर तिचे कार्यक्रम लागायचे, त्यामुळे लोक तिला टीव्हीवरचं विद्यापीठ म्हणून ओळखतात. पण टीव्ही हा तिचा दर्शनी भाग. आतली ताकद अशी की विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाला एक ट्यूटर नेमलेला असायचा, ठरावीक मुदतीत गृहपाठ पाठवायचा आणि तो शेरे लिहून परत यायचा. ते गुण निकालातही धरले जायचे. पिटमनची दुरुस्ती आणि लंडनची पदवी एका छपराखाली आली.

नाशिकचा प्रयोग

आपल्याकडे १९८२ मध्ये हैदराबादला पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये इग्नू आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्य घेऊन गंगापूर धरणाच्या परिसरात हे विद्यापीठ उभं राहिलं.

त्याने केलेल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे दार. बारावी न झालेल्यांसाठी 'पूर्वतयारी' नावाचा रस्ता काढला आणि तिथून पदवीकडे जाता येऊ लागलं. इथे विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातली दरी मैलांची नव्हतीच. सोळाव्या वर्षी नापास झाल्याची, शेतीत अडकल्याची, सासरच्या परवानगीची होती. नाशिक शहरात राहणाऱ्या बाईलाही कॉलेज तितकंच लांब होतं जितकं सुरगाण्यातल्या मुलीला. दुसरी गोष्ट म्हणजे शेती, फळबाग, भाजीपाला असे विषय अभ्यासक्रमात आणले. शेतकऱ्याने आपल्याच रानात शिकायचं.

इथे एक स्वतंत्र शब्दसंग्रहही तयार झाला. अभ्यासक्रमाला शिक्षणक्रम, गावातल्या कॉलेजातल्या केंद्राला अभ्यासकेंद्र, तिथल्या शिक्षकाला समंत्रक. समंत्रकाने रविवारी येऊन अख्खा धडा शिकवायचा नसतो, अडलेलं सोडवायचं असतं. धडा शिकवायचं काम पुस्तकाचं. आणि हे पुस्तक साधं नसतं.

त्याला स्वयं-अध्ययन साहित्य म्हणतात. एक नमुना रचून दाखवतो. विषय समजा लेखाकर्म, घटक घसारा, म्हणजे वापराने वस्तूची दर वर्षी घटणारी किंमत. नेहमीच्या पुस्तकात घसाऱ्याची व्याख्या येईल, मग प्रकार, मग गणितं. स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला अमुक तीन गोष्टी करता येतील. मग दीड पान मजकूर आणि लगेच प्रश्न: गिरणीवाल्याने दोन लाखांचं यंत्र घेतलं, दहा वर्षं चालेल, शेवटी त्याची किंमत शून्य धरा, तर दर वर्षी खर्चात किती रक्कम दाखवाल? उत्तर घटकाच्या शेवटी असतं, पण चांगल्या पुस्तकात नुसता आकडा नसतो. तिथे लिहिलेलं असतं: "तुमचं उत्तर वीस हजार आलं असेल तर पुढे जा. दोन लाख आलं असेल, तर खरेदी आणि खर्च यांत तुमची गल्लत झाली आहे. मागचा परिच्छेद पुन्हा वाचा."

हे दुसरं वाक्य फार मोलाचं आहे. विद्यार्थी कुठे घसरेल याचा अंदाज लेखकाने आधीच बांधलाय आणि त्याच्यासाठी शेरा छापून ठेवलाय. बोर्ये होल्मबर्ग नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने याला विद्यार्थ्याशी चाललेला संवाद म्हटलं होतं. लेखकाने वर्गात बरीच वर्षं घालवलेली असतील तरच त्याला असं लिहिता येतं. नाहीतर जुन्या नोट्सना वर 'उद्दिष्टे' आणि खाली 'सारांश' चिकटवला की झालं पुस्तक तयार! अशी पुस्तकंही ढिगाने निघाली आहेत.

हिशेब इथे फिसकटतो

ऑटो पीटर्स नावाच्या जर्मन अभ्यासकाने दूरस्थ शिक्षणाला शिक्षणाचं औद्योगिक रूप म्हटलं. कॉलेजात एकच माणूस धडा तयार करतो, शिकवतो, तपासतो. इथे लिहिणारा वेगळा, संपादन करणारा वेगळा, छापणारा, समंत्रक, परीक्षक सगळे वेगळे. कामाची वाटणी झाली की माल स्वस्त होतो. पण सगळा माल नाही.

आकडे निव्वळ समजायला घेऊ. एका विषयाचं पुस्तक लिहून घ्यायला दहा लाख रुपये लागले. विद्यार्थी हजार असतील तर माणशी हजार रुपये पडले. लाख असतील तर माणशी दहा रुपये. कमाल झाली! आता गृहपाठ. प्रत्येक विद्यार्थ्याचे वर्षाला चार, एक नीट वाचून शेरा लिहायला पंधरा मिनिटं. म्हणजे माणशी एक तास. तपासणाऱ्याला तासाला दोनशे रुपये दिले तर माणशी दोनशे. विद्यार्थी हजार असोत की लाख, हे दोनशे काही कमी होत नाहीत. पुस्तकाला माणशी दहा आणि तपासणीला दोनशे, तेही एकाच विषयाला. विद्यार्थ्याला असे पाच-सहा विषय असतात.

आता तुम्ही विद्यापीठाचे वित्त अधिकारी आहात असं समजा. कात्री कुठे लावाल?

लागते ती तिथेच. गृहपाठ कागदावर राहतो. विद्यार्थी तो गाईडमधून उतरवतो, किंवा झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो तो आपल्या अक्षरात काढतो. केंद्रावर गठ्ठे जमतात, पानापानावर टिकमार्क पडते, शेवटी सही होते, सगळ्यांना वीसपैकी सोळा ते अठरा मिळतात. यात कुणी एक खलनायक नाही. समंत्रकाला मिळणाऱ्या मानधनात त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? विद्यार्थ्यालाही दिवसभराच्या कामानंतर हेच सोयीचं वाटतं. पण याचा अर्थ असा की माहितीपत्रकात पिटमन असतो आणि हातात पडतो लंडन.

मायकेल मूर या अमेरिकन अभ्यासकाने सत्तरच्या दशकात या सगळ्याला एक नेमकी चौकट दिली. तो म्हणतो, शिक्षणातलं अंतर मैलांत मोजू नका. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात बोलणं किती होतं, अभ्यासक्रम विद्यार्थ्यानुसार किती वळतो, आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर किती चालता येतं, या तिन्हीवर अंतर ठरतं. या मापाने बघितलं तर एकशेवीस जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, ज्याचं नाव तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाला कळलं नाही, तो पुण्यातला एफवायचा मुलगा चांगलाच लांब आहे. आणि दर आठवड्याला फोनवर समंत्रकाशी बोलणारी भामरागडची अंगणवाडी सेविका जवळ आहे. दूरस्थ शिक्षणाचा अर्थ बदलला तो असा. ती आता एक वेगळी शाखा राहिलेली नाही, नियमित कॉलेजातही ती शिरून बसली आहे. फक्त तिथे तिला ते नाव नाही.

दीड लाख विद्यार्थ्यांचा वर्ग

२०११ च्या शरदात स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट खुला केला, तर एक लाख साठ हजारांच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली. पुढच्या वर्षी एमआयटीच्या अनंत अगरवाल यांच्या सर्किट्सच्या ऑनलाइन कोर्सला दीड लाखाहून जास्त नोंदणी झाली, उत्तीर्ण झाले सात हजारांच्या थोडे वर. विद्यापीठं आता बंद पडणार, अशी भाकितं तेव्हा सर्रास चालली होती.

सात हजार म्हणजे नापासांची रांग, असं म्हणून हसणारे हसले. मला ती थट्टा पटत नाही. एका वर्षात सात हजार जणांना तो अवघड विषय शिकवणारं कॉलेज जगात कुठे आहे? अडचण वेगळीच निघाली. असे कोर्स पूर्ण करणारे बरेचसे आधीच पदवीधर होते, ज्यांना एकट्याने शिकायची सवय होती. ज्यांना शिक्षणाची खरी गरज, ते गळाले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने प्राथमिक गणितासारखे विषय या पद्धतीने शिकवून पाहिले, त्यात पहिल्या फेरीत उत्तीर्णांचं प्रमाण इतकं घसरलं की प्रयोग थांबवावा लागला.

याउलट जॉर्जिया टेकने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची मास्टर्स पदवी ऑनलाइन सुरू केली, साधारण सात हजार डॉलरमध्ये, अमेरिकेच्या मानाने मातीमोल. ती आजही जोरात चालू आहे. व्हिडिओ दोन्हीकडे होते. पण इथे प्रत्येक कोर्समागे टीचिंग असिस्टंटची फौज आहे, त्यात तिथूनच शिकून बाहेर पडलेले विद्यार्थीही परत येऊन तपासणीचं काम करतात. ही युक्ती आपल्या मुक्त विद्यापीठांना सहज जमण्यासारखी आहे, असं मला कायम वाटत आलंय.

आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी २००३ पासून चालवलेलं एनपीटीईएल आहे. कोर्स फुकट, दर आठवड्याला स्वाध्याय, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर थोडी फी भरून प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन परीक्षा. २०१७ पासून सरकारचं 'स्वयम' हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आहे. २०२१ पासून विद्यापीठाला एखाद्या सत्राचे चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट्स) 'स्वयम'वरून घेऊ देता येतात. हे श्रेयांक जमा ठेवायला त्याच वर्षी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स निघाली. सोप्या भाषेत, शिक्षण आता सुटे सुटे घेऊन पदवीच्या खात्यात जमा करता येतं, आणि मध्येच थांबून पुन्हाही सुरू करता येतं. कागदावर रचना उत्तम आहे. किती कॉलेजं ती मनापासून राबवतात हा निराळा विषय.

कोरोनाबद्दल दोनच वाक्यं. २०२० मध्ये शाळांनी जे केलं ते दूरस्थ शिक्षण नव्हतं, ती आणीबाणीतली सोय होती. वर्गातला तास जसाच्या तसा उचलून फोनवर ठेवला आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर मालिका लावली, जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर लाऊडस्पीकर लावले. शिक्षकांनी जीव ओतला, पण सात वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बळावर शिकावं ही अपेक्षाच चुकीची होती. दूरस्थ शिक्षण जन्मलं मोठ्या माणसांसाठी, आणि लहान मुलांच्या त्या दोन वर्षांवरून त्याला झोडपणं अन्यायाचं आहे. (दोनाची चार वाक्यं झाली, असो.)

यंत्र शेरा लिहू लागलं तर

वर ज्या दोनशे रुपयांचा हिशेब मांडला, तो पहिल्यांदाच कमी होण्याची शक्यता आता दिसतेय. चॅटजीपीटीसारख्या साधनांना तुम्ही घसाऱ्याचं गणित टाकून "माझं कुठे चुकलं?" असं मराठीत विचारलं तर उत्तर येतं. रात्री दोन वाजता येतं, दहाव्यांदा विचारलं तरी न चिडता येतं. जॉर्जिया टेकमध्येच २०१६ साली अशोक गोयल यांनी 'जिल वॉटसन' नावाची यंत्र-साहाय्यक वर्गाच्या चर्चापटावर बसवली होती, विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकांना उत्तरं द्यायला. ती माणूस नाही हे बऱ्याच जणांना सत्र संपेपर्यंत कळलं नव्हतं.

बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की एकेकट्याला शिकवणी मिळाली तर सामान्य विद्यार्थीही वर्गातल्या जवळपास सगळ्यांच्या पुढे जातो. इतका मोठा फरक नंतरच्या अभ्यासांत दिसला नाही, पण शिकवणीचा फायदा होतो याबद्दल वाद नाही. मग यंत्रच शिकवणी घेणार असेल तर सगळे प्रश्न सुटले का?

नाही, कारण जे यंत्र गृहपाठ तपासतं तेच गृहपाठ लिहूनही देतं. झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढायचीही गरज उरली नाही. विद्यार्थ्याने यंत्राकडून लिहून घ्यायचं, केंद्राने यंत्राकडून तपासून घ्यायचं, आणि मधल्या मध्ये कुणाच्याच डोक्यातून काही जायचं नाही, असा प्रकार व्हायला वेळ लागणार नाही. त्यामुळे घरून लिहून आणलेल्या मजकुराला गुण देण्याचे दिवस भरत आले आहेत, असं माझं भाकीत आहे. गुण पुन्हा परीक्षा केंद्राकडे आणि तोंडी परीक्षेकडे जातील.

आणि तोंडी परीक्षेचं गणित वाटतं तितकं वाईट नाही. माणशी एक तास तपासणीला लागत होता. पहिली तपासणी, व्याकरण, आकडेमोड, ठरलेल्या चुका यंत्रावर सोपवल्या तर तोच तास वीस-वीस मिनिटांच्या तीन गाठीभेटींत वापरता येईल. "हे तू लिहिलंयस ना, मग गिरणीवाल्याने यंत्र पाचव्या वर्षीच विकलं तर काय करशील, सांग." हा प्रश्न समोर बसून विचारला की दोन मिनिटांत कळतं कुणाला आलंय. तपासणारा माणूस यंत्राने हटवला नाही, त्याचा वेळ मोकळा केला, असं झालं तर मुक्त विद्यापीठं पहिल्यांदाच नाव सार्थ करतील. वाचलेला तास हिशेबातून सरळ कापून टाकला तर पुन्हा लंडन. माझी पैज दुर्दैवाने दुसऱ्या शक्यतेवर आहे, निदान पुढची पाचेक वर्षं तरी.

सदाशिव पेठेतलं दूरस्थ शिक्षण

सगळं फोनवर आलं की जागेची गरज संपेल, असं मानणाऱ्यांनी एकदा पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत चक्कर मारावी. बीड, हिंगोली, बुलढाण्याहून आलेली मुलं तिथल्या अभ्यासिकांत दाटीने बसलेली असतात. कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, महिन्याची फी भरून अभ्यासिकेत एक टेबल धरायचं. आणि त्या टेबलावर बसून करायचं काय? कानात इयरफोन घालून अ‍ॅपवरची लेक्चर्स बघायची. तीच लेक्चर्स, तितक्याच पैशांत, गेवराईच्या घरीही दिसली असती!

यांना येडं ठरवणं सोपं आहे. पण ही मुलं व्हिडिओसाठी आलेलीच नाहीत. शेजारच्या टेबलावरचा पोरगा सकाळी सातला येऊन बसतो म्हणून आपणही यायचं, चहाच्या टपरीवर कालच्या टेस्ट सिरीजमधल्या प्रश्नावर वाद घालायचा, गेल्या वर्षी मेन्सपर्यंत गेलेल्या दादाला आपलं उत्तर वाचायला द्यायचं, यासाठी ते महिन्याला काही हजार खर्च करतात. घरी नांगरटीच्या दिवसांत "पेपर आहे" म्हणून खोलीत बसता येत नाही, हेही आहेच. म्हणजे शिकवणं लांबून आलेलं चालतं, शिकणं मात्र चार माणसांत बसून करावंसं वाटतं. या अभ्यासिका आता तालुक्याच्या गावीही निघाल्यात, बहुतेक खाजगी. शेजारीच अभ्यासकेंद्र असलेलं कॉलेज आणि त्याची ग्रंथालयं संध्याकाळी पाचला कुलूपबंद होतात. दूरस्थ शिक्षणाचं भविष्य शोधायला फार लांब जायला नको, ते कुलूप पाचऐवजी रात्री दहापर्यंत उघडं ठेवलं तरी पुष्कळ होईल.

प्रवेश घेण्याआधी

कायद्याचा भाग थोडक्यात. दूरस्थ आणि ऑनलाइन हे यूजीसीच्या लेखी दोन वेगळे प्रकार आहेत. दूरस्थमध्ये अभ्यासकेंद्र असतं आणि विद्यापीठाला ठरवून दिलेलं कार्यक्षेत्र ओलांडता येत नाही, ऑनलाइनला ती हद्द नाही. अभ्यासकेंद्र क्लासवाल्यांना फ्रँचायझी म्हणून देता येत नाही. तेव्हा दुकानाच्या माडीवर "घरबसल्या कुठलीही डिग्री" अशी पाटी दिसली तर जिना चढूच नका. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, वास्तुरचना या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत, आणि २०२५ मध्ये मानसशास्त्र, पोषणशास्त्र असे आरोग्यसेवेशी जोडलेले विषयही यूजीसीने त्यातून काढले. हे गांभीर्याने घ्या. चार अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा वाटलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जो निकाल दिला, त्यात नोकरीला लागलेल्या लोकांच्याही पदव्या अडकल्या.

यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही तपासा. नुसतं विद्यापीठाचं नाव यादीत असणं पुरेसं नाही. २०२४ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतः डीईबी आयडी, म्हणजे याच ब्युरोचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. "आम्ही सगळं करून देतो, तुम्ही फक्त आधार द्या" म्हणणाऱ्याला तो काढू देऊ नका.

आणि एक चौकशी कुठल्याच संकेतस्थळावर होणार नाही, ती केंद्रावर जाऊन करावी लागते. तिथे आधी शिकलेल्या कुणाचा तरी परत आलेला गृहपाठ बघायला मागा. पानाच्या कडेला कुणी काही लिहिलंय का ते बघा, की नुसती टिकमार्क आणि सही आहे. गृहपाठ परत मिळतच नाहीत असं उत्तर आलं, तर जवळचं दुसरं केंद्र कुठलं ते तिथेच विचारून घ्या.